‘संस्कृती’ आणि तिची क्रियापदे : मराठी विवेचनातील एका संज्ञेचा विचार

मराठीत संस्कृतीविषयी जे लिहिले व बोलले जाते, त्यात या संज्ञेची व्याख्या करण्याचा उत्साह मोठा दिसतो. तिच्याबरोबर कोणती क्रियापदे येतात, इकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. संस्कृती जपली जाते, टिकवली जाते. तिचे जतन व संवर्धन होते. तिच्यावर आक्रमण होते, घाला पडतो. ती लोप पावते. संस्कृती घडवली, नाकारली किंवा जाणीवपूर्वक टाकून दिली, असे प्रयोग त्या मानाने विरळ आहेत. पहिल्या गटातील सर्व क्रियापदे एखाद्या ठेव्याविषयी, वडिलार्जित मिळकतीविषयी वापरावीत तशी आहेत. मिळकत म्हटली की मालक आला, वाटेकरी आला आणि ज्याला वाटा नाही असाही कोणी आला. प्रस्तुत लेखात या भाषिक सवयीचा आपल्या वाङ्मयाभ्यासावर काय परिणाम झाला आहे, एवढाच प्रश्न विचारार्थ घेतला आहे.

शब्द म्हणून ‘संस्कृती’ प्राचीन आहे. यजुर्वेदात तो येतो. ऐतरेय ब्राह्मणात तो शिल्पांच्या संदर्भात, शिल्पांच्या योगे माणूस स्वतःवर करीत असलेल्या संस्काराच्या अर्थाने येतो. ‘कल्चर’ या इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द म्हणून त्याची आजची कारकीर्द मात्र अर्वाचीन आहे, आणि तिच्यात मराठीचा वाटा आहे. बंगालीत या अर्थी ‘कृष्टि’ हा शब्द रूढ होऊ पाहत होता व रवींद्रनाथांना तो रुचत नव्हता. पॅरिसमधील वास्तव्यात एका महाराष्ट्रीय स्नेह्याकडून आपल्याला ‘संस्कृति’ हा शब्द मिळाला आणि रवींद्रनाथांनी तो पसंत केला, असे सुनीतिकुमार चतर्जी यांनी नमूद केले आहे. ‘कृष्टि’मध्ये नांगरट होती, मूळ लॅटिन शब्दातही होती. ‘संस्कृती’त ती नाही. तिच्या जागी संस्कार आला. संस्कार कोणाचे होतात आणि कोणाचे होत नाहीत, याचा इतिहास आपल्या समाजात वर्णव्यवस्थेशी बांधलेला आहे. ‘सुसंस्कृत घराणे’ या शब्दप्रयोगात तो अजून ऐकू येतो.

मराठीतील तीन प्रसिद्ध ग्रंथांची शीर्षके या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. साने गुरुजींचा ‘भारतीय संस्कृती’ हा ग्रंथ 1937 चा. लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ आणि इरावती कर्वे यांचा ‘मराठी लोकांची संस्कृती’ हे दोन्ही 1951 मधले. गुरुजींच्या शीर्षकात संस्कृती हे एक मूल्य आहे. तर्कतीर्थांच्या शीर्षकात ती काळाच्या ओघात बदलणारी प्रक्रिया आहे. इरावतीबाईंनी मात्र ‘लोकांची’ हे षष्ठीचे रूप वापरून संस्कृतीला थेट माणसांच्या स्वाधीन केले. बाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. लोक कसे राहतात, कोणाशी सोयरीक करतात, कोणाला कोणत्या नात्याने हाक मारतात, हे त्यांच्या शास्त्राचे विषय. या अर्थाने पाहिल्यास संस्कृती नसलेला माणूस संभवतच नाही. हा अर्थ विद्यापीठांत शिकवला जातो, पण व्यवहारात आपण पुन्हा ‘सुसंस्कृत’ आणि ‘असंस्कृत’ असे भेद करतोच.

गुरुजींच्या बाबतीत एक गोष्ट सांगितली पाहिजे. संस्कृतीविषयी इतक्या भक्तिभावाने लिहिणाऱ्या या लेखकाने 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. विरोध करणारेही परंपरेच्याच नावाने बोलत होते. म्हणजे ‘जतन’ हा शब्द दोन्ही पक्षांना उपलब्ध होता. फरक पडला तो काय टाकून द्यायचे याच्या निर्णयाने. गुरुजींचा ग्रंथ त्यांच्या या कृतीसह वाचला नाही, तर तो निव्वळ गोड वाटू लागतो, आणि आपल्याकडे त्याचे बहुतेक वाचन तसेच झाले आहे.

शासनाच्या भाषेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. 1960 मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, 2010 मध्ये राज्याचे सांस्कृतिक धोरण आले, 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शासनाला निधी द्यावयाचा असतो, आणि निधी जतनासाठी देता येतो. टाकून देण्यासाठी तो कसा द्यावा, हे कोणत्याही कार्यालयाला ठरवता येणार नाही. प्रश्न आहे तो वाङ्मयाच्या अभ्यासकांनी हीच भाषा का उचलावी, हा.

आपल्या विभागांतून सादर होणाऱ्या प्रबंधांत ‘सांस्कृतिक जीवन’ नावाचे एक प्रकरण हमखास असते. सण-उत्सव, विधी, वेशभूषा, आहार, अलंकार, लोकगीते, म्हणी असे त्याचे पोटभाग ठरलेले असतात आणि कलाकृतीतून उतारे काढून ते त्या त्या कप्प्यात टाकले जातात. ग्रामीण कादंबरी असो वा दलित आत्मकथन, कप्पे तेच. ही यादी निरुपद्रवी नाही. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (1986) घेऊ. त्यात आषाढ महिन्याचे वर्णन आहे: महारवाड्यातील घरे सारवली जातात, देवदेवता जागतात, अंगात येते, वर्षभराच्या उपासमारीत हा एक महिना उजळतो. प्रबंधकार हे सर्व ‘सण-उत्सव’ या मथळ्याखाली आनंदाने नोंदवतो. त्याच पुस्तकात सासरहून पळून जाऊ पाहणाऱ्या कोवळ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवला जातो. हा प्रसंग कोठे नोंदवावयाचा? बहुधा तो पुढच्या प्रकरणात, ‘स्त्रीजीवन’ या मथळ्याखाली जातो. लेखिकेने एकाच वस्तीत, एकाच श्रद्धाव्यवस्थेत दाखवलेल्या दोन गोष्टी अभ्यासकाने दोन प्रकरणांत वेगळ्या केल्या. त्यामुळे एक झाली ‘संस्कृती’ आणि दुसरी ‘समस्या’. वास्तविक बेबीताईंचे सारे निवेदन या दोहोंतील सांधा दाखवण्यासाठी आहे. ज्या समाजाला गावाने मेलेले ढोर आणि शिळा तुकडा दिला, त्याने आपल्याहून दुबळे असे एकच माणूस शोधून काढले, आणि ती घरची सून होती. हे सांगताना त्या आपल्या माणसांनाही सोडत नाहीत.

याहून अवघड अडचण पुढे आहे. 1956 च्या धर्मांतरानंतर फार मोठ्या समाजाने देव, नवस, पोतराजपण असे कितीतरी सोडले. मृत मांस आणि गावकीची कामे सोडण्याची चळवळ त्याआधीच सुरू झाली होती. जतनाच्या भाषेत या घटनेचे वर्णन ‘सांस्कृतिक ऱ्हास’ असेच करावे लागेल, आणि तसे म्हणणे कोणाही शहाण्या अभ्यासकाला पटणार नाही. तरीही आपली परिभाषा तेथेच नेऊन सोडते. ऐतरेय ब्राह्मणातील जुना अर्थ, माणसाने स्वतःला घडवणे, येथे अधिक उपयोगी पडतो. तो ज्यांच्यासाठी कधीच नव्हता त्यांनीच तो खरा केला, हा इतिहासातील एक विलक्षण व्यत्यास होय. जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये ग्रंथकार सभेला जाण्याचे नाकारले, त्या नकाराचीही नोंद आपण वाङ्मयेतिहासात एक वाद म्हणून करतो. सांस्कृतिक कृती म्हणून क्वचितच करतो.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (2003) या आत्मकथनाचे शीर्षकच या दृष्टीने तपासावे. आयदान म्हणजे कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणत असे, आणि वडिलांच्या मागे घर त्यावर चालले. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचे नाते लेखिका स्वतः सांगते. कप्पेबंद पद्धतीने लिहिणारा प्रबंधकार या टोपल्या ‘हस्तकला’ या पोटभागात ठेवील. त्या विकून आलेल्या पैशांत किती दिवस निघत, हा प्रश्न त्याच्या प्रकरणात कोठेच बसणार नाही.