रस्त्याची उंची आणि खोली

धुळ्याहून जळगावकडे जाताना वाटेत पारोळा लागते. हरि सदाशिव दामोदर यांनी इ. स. १७२७ मध्ये बांधलेला भुईकोट किल्ला याच गावात आहे. गावावरून जाणारा महामार्ग गुजरातेतील हजिऱ्यापासून ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत पोहोचतो. येथे पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. भिंतीवरच्या नकाशात तो एक तांबडी रेघ एवढाच दिसतो.

मुलांनो, रेघ चढत नाही आणि उतरतही नाही. खरा रस्ता मात्र नाल्याकडे झुकतो, पुलावर उचलला जातो आणि पुन्हा खाली येतो. त्याच्या पोटातून मोऱ्या, पाण्याचे नळ व विजेच्या तारा जातात. जेथे एका रस्त्यावरून दुसरा रस्ता उड्डाणपुलाने जातो, तेथे दोहोंचे अक्षांश व रेखांश एकच असतात. अपघाताची वर्दी आली, तर रुग्णवाहिकेने पुलावर जावे की पुलाखाली, हे सपाट नकाशा कसे सांगणार? त्यासाठी तिसरी संख्या हवी, ती म्हणजे उंची. लांबी, रुंदी आणि उंची या तीन मितींत पृथ्वीवरील वस्तूंची नोंद संगणकात ठेवणाऱ्या व्यवस्थेस त्रिमितीय भौगोलिक माहिती प्रणाली असे म्हणतात.

ही केवळ चित्रे काढण्याची कला नव्हे. पडद्यावरील पुलास स्पर्श केला, की तो कधी बांधला, कशाचा बांधला, शेवटची तपासणी केव्हा झाली, ही सारी हकीकत समोर यावी, असा तिचा हेतू आहे. अशा नोंदीचे मोल किती आहे, हे महाडच्या दुर्घटनेवरून कळते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीला महापूर आला. मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिश काळातील दगडी कमानींचा पूल त्यात वाहून गेला. अंधारात एस. टी. च्या दोन गाड्या नदीत पडल्या व अनेक प्रवासी प्राणास मुकले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने देशातील पुलांची जागा, वय व अवस्था एकत्र नोंदविणारी व्यवस्था सुरू केली. एवढ्या मोठ्या देशात ती आधीच असायला हवी होती.

आता ही उंची मोजतात कशी? पूर्वी मोजणीदार दुर्बीण आणि पट्टी घेऊन उन्हातान्हात कोस न् कोस चालत. आज मोटारीवर किंवा आकाशात उडणाऱ्या ड्रोनवर लेसर यंत्र बसवितात. त्यातून प्रकाशाचा किरण सुटतो आणि रस्त्यावर आपटून परत येतो. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो. म्हणून किरणास जाऊन येण्यास लागलेल्या वेळाच्या निम्म्यावरून अंतर काढता येते. असे असंख्य किरण सोडले, की रस्त्याचा प्रत्येक खड्डा बिंदूंनी रेखला जातो. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची अशी सर्वेक्षण-वाहने भेगा व खड्डे यांची नोंद धावता धावता घेतात. दोन वेळच्या मोजण्या एकमेकींवर ठेवल्या, तर रस्ता कोठे किती खचला, तेही कळते. खड्डा बुजविण्यास अर्थात खडी, डांबर आणि माणसेच लागतात!

पावसाचे पाणी कोठे तुंबेल, हेही उंचीच्या नोंदीवरून आधी सांगता येते. पाणी उताराकडे धावते, हे तर तुम्ही अंगणातही पाहता. रस्त्याचा भराव त्याच्या वाटेत आडवा आला आणि मोरी चुकीच्या जागी किंवा अरुंद बांधली गेली, तर एका बाजूच्या शेतात तळे साचते व भराव आतून भिजतो.

खानदेशात यात आणखी एक अडचण आहे. तापीच्या खोऱ्यातील काळी माती कपाशीला उत्तम, परंतु रस्त्याला फार वाईट. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचे डांबर तिच्याबरोबर उचलले जाते व तडकते. तेव्हा काळ्या मातीचा थर किती खोल आहे आणि मुरूम कोठे लागतो, हे कळल्यावाचून रस्त्याचा पाया ठरविता येत नाही. लेसरचा किरण मातीच्या आत शिरत नाही. ही खोली समजण्यासाठी जागोजागी भोके पाडून खालची माती वर काढावी लागते, ती प्रयोगशाळेत तपासावी लागते, आणि मगच तो आकडा त्या प्रणालीत भरता येतो.