मशीद आबाद कोण ठेवतं?
आजची आयत सूरह तौबाची, १८वी. मशिदी आबाद ठेवणाऱ्यांची खूण ती सांगते: अल्लाह आणि आखिरतवर ईमान, नमाज, जकात, अल्लाहशिवाय कुणाची भीती नाही. संगमरवराचा उल्लेखच नाही!

मशीद म्हणजे सजद्याची जागा. हदीसनुसार तर सारी जमीनच मशीद. म्हणून वर्क फ्रॉम होम चालू झाल्यापासून मी घरीच नमाज उरकायचो. पण इ.स. ६२२ मध्ये नबींनी (स.) मदिनेत बांधायला घेतलेल्या मशिदीत, सुफ्फ्याच्या झावळ्यांखाली बेघर लोक राहायचे, शिकायचे. ते घरबसल्या कसं होणार?

गेल्या जुम्याला वालीवच्या मशिदीत माझ्या शेजारी गाळ्यातला एक कामगार होता. खांद्याला खांदा लावून. सलाम फेरला आणि मी लॅपटॉपकडे पळालो. त्याचं नाव विचारायचं राहिलं.