‘वरी’ या शब्दाविषयीं

‘मी आईची काळजी करतों’ हें वाक्य आम्हीं एकदां वर्गांत इंग्रजी करावयास दिलें. एका विद्यार्थ्यानें लिहिलें, ‘आय वरी माय मदर.’ ‘अबाउट’ तेवढा गळला, आणि अर्थ झाला, ‘मी आईला छळतों’!

जुन्या इंग्रजींत या शब्दाचा अर्थ गळा दाबून मारणें असा होता. पुढें कुत्रा किंवा लांडगा मेंढरूं नरड्याला धरून हिसडतो, त्यास तो लागूं लागला. ब्रिटिश पार्लमेंटच्या १९५३ सालच्या कायद्यांत कुत्र्यांनीं गुरांमेंढरांच्या मागें लागण्यास हाच शब्द योजिला आहे. नंतर छळणें हा अर्थ आला. मनांतल्या मनांत झुरणें हा आज सर्वांस ठाऊक असलेला अर्थ १९ व्या शतकांत रूढ झाला. म्हणजे घरांतला हा धाकटाच. आपणहि चिंतेनें घशाखालीं घास उतरत नाहीं असें म्हणतोंच.

‘काळजी घेणें’ येथें मात्र ‘वरी’ चालत नाहीं. मुलाला उशीर झाला म्हणून दारांत उभी राहते ती आई ‘वरी’ करते. तापांत उशाशीं बसते तेव्हां ती ‘केअर’ घेते.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं विचारलें, “अरे, खरेंच छळतोस काय?” तो खालीं पाहून म्हणाला, “कधीं कधीं, सर.” आम्हीं अर्धाच गुण कापला.