उतारशाळेचा रक्षक
(शास्त्रभाग : लूक 10:25-37)



चांगल्या शोमरोन्याचा दाखला रुग्णसेवेत असलेल्या ख्रिस्ती माणसाला विशेष प्रिय असतो. तो वाचताना आपण नकळत शोमरोन्याच्या जागी स्वतःला उभे करतो, आणि तेथेच थोडी गफलत होते. या दाखल्यात आणखी एक माणूस आहे. त्याला नाव नाही व त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. परंतु आपले रोजचे जीवन शोमरोन्यापेक्षा त्याच्याच जीवनाशी अधिक जुळते. तो म्हणजे उतारशाळेचा रक्षक.

प्रथम वाटेवरचा प्रसंग पाहू. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट सुमारे 27 किलोमीटरांची असून तेवढ्या अंतरात ती जवळजवळ हजार मीटर खाली उतरते. आजूबाजूस ओसाड डोंगर आणि घळी. लुटारूंना लपण्यास सोयीची जागा. तेथे अर्धमेला होऊन पडलेल्या माणसाला याजकाने पाहिले, लेव्यानेही पाहिले. दोघेही बाजूने निघून गेले. मग शोमरोनी आला. यहूदी व शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. तरीही त्याला कळवळा आला.

येथे मूळ ग्रीक भाषेत योजलेले क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दापासून झालेले आहे. मराठी माणसाला हे फार समजावून सांगावे लागत नाही. आपलेही आतडे तुटते, आपल्याही पोटात कालवते. लूकने आपल्या शुभवर्तमानात हे क्रियापद तीनच ठिकाणी वापरले आहे : नाईन गावच्या विधवेला पाहून प्रभू येशूला, जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला आणि दुरून येणाऱ्या उधळ्या पुत्राला पाहून त्याच्या पित्याला. या तिन्ही ठिकाणी आधी पाहणे आहे, मग कळवळा आणि त्यानंतर लगेच जवळ जाणे. प्रभूने पुढे होऊन तिरडीला स्पर्श केला. शोमरोन्याने जवळ जाऊन जखमांना तेल व द्राक्षारस लावून त्या बांधल्या. पिता तर धावतच सुटला. पाहण्यापर्यंत याजक आणि लेवीही या तिघांच्या बरोबरीने होते. फरक पडला तो पुढच्या पावलात.

आता दुसरा दिवस. शोमरोन्याने दोन दीनार काढून रक्षकाला दिले, अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे वचन दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात हाच दर दिसतो. शोमरोनी तेथे कायमचा राहिला नाही, आणि प्रभूने त्याला त्याबद्दल दोष दिलेला नाही. कळवळा असणाऱ्याने सर्व काही एकट्याने केले पाहिजे असे नाही. काम विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवणे हाही कळवळ्याचाच भाग आहे.

परंतु ज्याच्या हाती ते सोपवले त्याचे काय? रक्षकाला कळवळा आल्याचे शास्त्र सांगत नाही. वाटेवरचे ते भयंकर दृश्य त्याने पाहिलेले नव्हते. त्याच्या दारी आला तो आणखी एक रोगी पाहुणा. त्याच्या पट्ट्या बदलायच्या, त्याला पाणी पाजायचे, रात्री त्याचे कण्हणे ऐकायचे. तेही इतर गिऱ्हाइकांची उठबस सांभाळून. शिवाय त्याला पैसे मिळालेले. पगार घेऊन केलेली सेवा ही खरी दया नव्हे, असे काही भाविक मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. पैसे देण्यात शोमरोन्याला काही उणे वाटले नाही, मग घेणाऱ्याला का वाटावे? प्राचीन मंडळीतील ओरिजेन व ऑगस्टीन यांनी तर या उतारशाळेत ख्रिस्ताची मंडळीच पाहिली. खरी कसोटी पैशाची नाही. ती तिसऱ्या-चौथ्या दिवसाची आहे, जेव्हा दृश्यातील करुणा ओसरते आणि उरते ते काम.

या कसोटीत मी स्वतः उणा पडलो आहे. काही वर्षांपूर्वी केसपेपरच्या खिडकीवर मी काम करीत असताना एक वृद्ध बाई तीन वेळा तोच प्रश्न घेऊन आल्या : “दादा, आता कुठं जायचं?” तिन्ही वेळा मी तेच खरे उत्तर दिले, खोली क्रमांकासह. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. त्यांना अंक वाचता येत नव्हते, हे मला सुचलेच नाही. फरशी पुसणाऱ्या मावशींनी हातातले फडके बादलीत टाकले, त्यांचा हात धरला आणि त्यांना दारापर्यंत नेऊन सोडले. मी त्या बाईंना पाहिले होते. याजकानेही पाहिले होतेच.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातही दुसऱ्या दिवसाचे हे काम दिसते. 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या. आणल्याची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. पण त्यानंतरची वर्षे? उपासमारीने खंगलेल्या मुलींना रोज जेवू घालणे, त्यांच्या आजारात उशाशी बसणे, त्यांना अक्षरे, विणकाम व छापखान्यातील काम शिकवणे, अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवणे. 1922 साली रमाबाईंचे निधन होईपर्यंत हे चालले होते, आणि त्यात ज्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत अशा अनेक स्त्रियांचे हात होते.

शोमरोनी परत आला की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. जखमी माणूस बरा होऊन घरी गेला का, जाताना त्याने रक्षकाचे नाव विचारले का, हेही नाही. त्या मावशींचे नाव त्या वृद्ध बाईंनी विचारले नव्हते. मावशी परत आल्या, त्यांनी फडके पिळले आणि राहिलेली फरशी पुसून काढली.