मनाचे दुखणे अंगावर काढू नका

मनाचा आजार दवाखान्यात येतो तो बहुतेक वेळा शरीराच्या वेषात. "डॉक्टरसाहेब, जीव घाबरस," ही तक्रार आमच्याकडे रोजची आहे. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, डोके जड, पहाटे तीनलाच जाग, जेवणावरची वासना गेलेली. कार्डिओग्राम नीट, रक्तदाब ठीक, साखर ठीक. मग पेशंट स्वतःच निदान करतो, "अशक्तपणा असेल, एक सलाईन लावून द्या." वाचकहो, सलाईन म्हणजे मीठ-साखरेचे पाणी. त्याने दोन दिवस बरे वाटते, ते कुणीतरी तासभर आपल्याकडे लक्ष दिले म्हणून. दुखणे जागच्या जागी राहते.

कपाशीचा भाव पडला किंवा ठरलेले लग्न मोडले म्हणून माणूस चार दिवस उदास राहिला, तर तो आजार नव्हे. परंतु दोन आठवडे उलटले, मन रोजच खिन्न आहे, आवडीच्या गोष्टीतही रस उरलेला नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, "माझा कुणाला उपयोग नाही" असे विचार येत आहेत, तर त्याला नैराश्य म्हणतात. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बायका निदान रडतात तरी. पुरुषांत हे दुखणे चिडचिडीच्या आणि दारूच्या आड लपते. घरचे म्हणतात, "बापाचा स्वभाव बदलला." बाळंतपणानंतर सुनेला रडू येते, बाळाकडे बघावेसे वाटत नाही, तेव्हा तिला नखरेल ठरवण्याची घाई करू नये. थायरॉईड कमी असणे, रक्त कमी असणे किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही असाच थकवा आणि उदासी येते. म्हणून या साध्या तपासण्या आधी करून घ्याव्यात.

औषध आहे, डॉक्टर आहेत, मग लोक जात का नाहीत? याचे चांगले उत्तर आपल्यासारख्याच कापूस पिकवणाऱ्या मुलखातून मिळाले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गोव्याच्या 'संगत' या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 'विश्राम' नावाचा प्रकल्प दीड वर्ष चालवला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम ४ जण उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७ झाले. मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. यासाठी गावोगाव मोठे डॉक्टर नेऊन बसवले नव्हते. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले होते. ते घरोघरी जात, छोट्या बैठका घेत, ऐकून घेत, आणि ज्याला गरज असेल त्याला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवत. प्रकल्पाच्या नावातही वेड किंवा आजार हा शब्द नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते. आपल्याकडे "वेड्याच्या डॉक्टरकडे नेले" या एका वाक्याने मुलीचे स्थळ फिरते. मग लोक पाच-पाच वर्षे भगताचे उंबरे झिजवतात. देवाला, दर्ग्याला जरूर जा, मनाला आधार वाटतो. पण त्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका, आणि कुणी पेशंटला बांधा, मारा, उपाशी ठेवा म्हणाला तर तिथून तत्काळ उठा.

गोळ्यांविषयी गैरसमज फार आहेत. नैराश्यावरच्या गोळीची सवय लागत नाही, पण ती क्रोसिनसारखी तासाभरात काम करत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात थोडी मळमळ होते, आणि नेमके तेव्हाच पेशंट गोळी सोडून देतो. बरे वाटू लागल्यावरही ती साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवावी लागते, आणि बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची, अल्प्राझोलमसारख्या. ती शेजारणीला लागू पडली म्हणून मेडिकलमधून परस्पर आणणारे लोक मी रोज पाहतो.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. घरातील माणूस "जगण्यात राम नाही" म्हणत असेल, सावकाराचे, सोसायटीचे हिशेब एकाएकी आवरत असेल, तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. उलट कुणीतरी विचारले याने ओझे हलके होते. उत्तर 'हो' आले तर उपदेश, शपथा, रागावणे काही नको. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. फवारणीचे औषध घरात, गोठ्यात उघडे ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. हे वरवरचे वाटेल, पण असा झटका अनेकदा थोड्याच वेळाचा असतो आणि तेवढा वेळ निघून गेला तर माणूस वाचतो. श्रीलंकेत १९९५ नंतर जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण पुढील दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरले.

पोलीस केसच्या भीतीने काही घरे असा प्रसंग लपवतात, पेशंटला दवाखान्यात आणायला उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने ३०९ कलम ठेवलेले नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते ती नेहमीची पद्धत आहे. तिला भिऊन वेळ घालवू नये.

जायचे कुठे? प्रथम तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे. बहुतेक साधे नैराश्य, चिंता तिथेच आटोक्यात येते. त्यापुढे धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जळगावकरांना तिकडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. १९९६ साली देशातील चार जिल्ह्यांत सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम पुढे सर्वदूर पसरला, त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. बाहेर पडणे जमत नसेल किंवा रात्री-अपरात्री जीव कासावीस झाला, तर १४४१६ हा 'टेली मानस'चा क्रमांक फिरवावा. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.

पहिल्या भेटीला जाताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि घरातील एक जवळचा माणूस सोबत न्यावा. त्या माणसाने बाहेर बाकावर बसून राहू नये, आत यावे, कारण रात्री पेशंट किती वाजता उठून बसतो हे त्यालाच नीट सांगता येते. मात्र पेशंटला काही एकट्याने बोलायचे असेल, तर पाच मिनिटे त्याने बाहेर थांबावे.