जुन्या गिटारची झीज

छत्तीसगडमधील भिलाई येथे 4 फेब्रुवारी 1959 रोजी पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामाच्या निमित्ताने देशाच्या अनेक प्रांतांतून कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. अशा एखाद्या घरात माळ्यावर जुनी गिटार सापडली, तर प्रश्न पडतो : ती टाकून द्यावी की दुरुस्त करावी? त्याचे उत्तर देण्यापूर्वी झीज आणि मोडतोड यांतील भेद ओळखला पाहिजे.

झीज वापरामुळे होते. बोटांच्या दाबाने तारा पडद्यांवर घासतात व त्यांत खाचा पडतात. नखांच्या सततच्या आघाताने तबलीचे पॉलिश उडते, लाकूड पातळ होते. अमेरिकन गायक विली नेल्सन यांनी 1969 साली घेतलेल्या ‘ट्रिगर’ नावाच्या गिटारच्या तबलीला अशा वादनाने भोकच पडले; तरीही वेळोवेळी डागडुजी करून त्यांनी ती अनेक दशके वाजवली.

मोडतोड मात्र बहुधा दुर्लक्षामुळे होते. पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो असतो. भिलाईच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. कोरड्या हवेत लाकूड आकसून तडकते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते. माळ्यावरच्या उष्णतेने सांध्यांतील सरस सैल होतो. मग तारांच्या ताणाने घोडी उचकटते, दांडी वाकते.

कुशल कारागीर झिजलेले पडदे बदलतो, तडा आतून लाकडी तुकडे चिकटवून सांधतो, घोडी पुन्हा बसवतो. परंतु जुने रूप नवे दिसावे म्हणून तबली घासणे घातक ठरते. ती आणखी पातळ होऊन दुबळी होते आणि तिचा नाद बदलतो.

महाराष्ट्रातील मिरजेच्या कारागिरांनाही हे ठाऊक आहे. तानपुऱ्याची घोडी तारांनी झिजली की नाद मंदावतो. तेव्हा ते ती घासून जवारी पुन्हा काढतात, वाद्य टाकून देत नाहीत. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हणून झीज जपावी, मोडतोड सांधावी. जुने वाद्य पुन्हा नाद देऊ लागले, की ते वाजवणारे हातही आठवतात.

शब्दार्थ
तबली – वाद्याची वरची पातळ लाकडी फळी
घोडी – तारांना आधार देणारी पट्टी
जवारी – घोडी घासून तारेच्या नादात आणलेला घुमारा

पाठगत प्रश्न
1. झीज आणि मोडतोड यांत कोणता फरक आहे?
2. जुन्या गिटारची तबली का घासू नये?
3. आपल्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची दुरुस्ती कशी झाली, ते पाच वाक्यांत लिहा.