मृत समुद्राचे मीठ आणि आईचा तळपाय

"डॉक्टर, मृत समुद्राची माती अंगाला लावली की सोरायसिस कायमचा जातो म्हणे. खरं का?"

गेल्या महिन्यात शिलाईकाम करणाऱ्या एका ताईंनी हा प्रश्न विचारला. आखातात नोकरी करणाऱ्या भाच्याने त्यांना काळ्या मातीचे एक पाकीट आणून दिले होते. पाकीट आल्यापासून त्यांनी गोळ्या आणि मलम दोन्ही बंद केले होते. कोपरांवरची चट्टे पडलेली कातडी चिरून लाल झाली होती आणि त्यावर मातीचा लेप! आग होणार नाही तर काय?

मृत समुद्र मी स्वतः पाहिला आहे. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त जॉर्डनमधील अम्मान शहरात होता. २०१९ च्या मार्चमध्ये मी, पत्नी आणि आई असे तिघे त्याच्याकडे गेलो. शुक्रवारी तिकडे सुट्टी असते. सकाळी डबे भरून सगळे मोटारीने निघालो. त्या एका दिवसात मी डॉक्टर म्हणून जे शिकलो ते आज वाचकांना सांगणार आहे. त्यातला एक धडा जरा लाजेचा आहे, पण तोच महत्त्वाचा.

नाव समुद्र असले तरी हे एक तळे आहे. एका बाजूला जॉर्डन, दुसऱ्या बाजूला इस्रायल आणि पश्चिम किनारा. पृथ्वीवरील उघड्या जमिनीचा हा सर्वांत खोल भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर खाली. जॉर्डन नदीचे पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी उडवते आणि क्षार मागे राहतात. आता नदीचे पाणी वरच अडवले जाते, खनिजे काढण्यासाठीही पाणी उपसतात, त्यामुळे तळ्याची पातळी वर्षाला सुमारे एक मीटर उतरते आहे.

अम्मान डोंगरावर आहे. तिथून तासाभरात आपण हजार मीटरहून जास्त खाली उतरतो. वाटेत 'समुद्रसपाटी' अशी पाटी लागते आणि रस्ता त्याच्याही खाली जातच राहतो. कानात दडे बसतात. पुतण्याला सर्दी होती, तो रडकुंडीला आला. अशा वेळी गोळी चघळायला द्यावी, वारंवार आवंढा गिळायला सांगावे. गिळताना घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. घाट उतरताना आपल्याकडेही हाच उपाय करावा.

साध्या समुद्राच्या पाण्यात शेकडा साडेतीन भाग क्षार असतात, मृत समुद्रात सुमारे चौतीस. एक लिटर पाण्याचे वजन सव्वा किलोच्या आसपास भरते. आपले शरीर साध्या पाण्याइतकेच जड, म्हणून येथे माणसाचा साधारण पाचवा हिस्सा पाण्याबाहेरच राहतो. बुडायचे म्हटले तरी बुडता येत नाही. पण हे क्षार म्हणजे आपले जेवणातले मीठ नव्हे. त्यात निम्म्याहून अधिक मॅग्नेशियम क्लोराईड, शिवाय कॅल्शियम, पोटॅशियम आणि ब्रोमाईड. पुतण्याने बोट चाटून पाहिले आणि म्हणाला, "काका, हे खारट नाही, कडू आहे!" पोराचे निरीक्षण अचूक होते. तो कडूपणा मॅग्नेशियमचा.

बुडत नाही, मग धोका कसला, असे कोणीही म्हणेल. पण तेथे माणसे दगावलेली आहेत. उताणे तरंगणे सोपे असते. मात्र तोल जाऊन माणूस पालथा झाला की पाय वर उचलले जातात, तोंड पाण्यात जाते आणि उलटता येत नाही. आमच्या डोळ्यांदेखत एक स्थूल गृहस्थ असे पालथे झाले. जीवरक्षकाने धावत जाऊन खांद्याला धरून त्यांना उलटवले. हे पाणी थोडे जास्त पोटात गेले तर रक्तातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम वाढते, स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. छातीत गेले तर फुप्फुसाला इजा होते. माणूस आधी ठीक दिसतो आणि नंतर बिघडतो, म्हणून त्याला घरी किंवा हॉटेलवर न नेता रुग्णालयातच न्यावे. तिथे सलाईन, लघवी वाढवणारी औषधे आणि गरज पडल्यास डायलिसिसने क्षार बाहेर काढतात. उलटी करवण्याचा उद्योग करू नये. उभे राहायचे असेल तर आधी गुडघे पोटाशी घ्यावेत आणि मग पाय खाली सोडावेत. पंधरा मिनिटे पाण्यात पुरेत. डोळ्यात पाणी गेले तर ओल्या हाताने चोळू नये, गोड्या पाण्याने भरपूर धुवावे. गोड्या पाण्याची बाटली आम्ही काठावर ठेवली होती, तिचा उपयोग झालाच.

आता लाजेचा धडा.

आई तेव्हा ७४ वर्षांची. १८ वर्षांचा डायबेटीस, ब्लडप्रेशरची गोळी रोजची. गुडघेदुखी होती, आणि तिच्या भजनी मंडळात कोणीतरी तिला ही माती गुडघ्यांना उत्तम असल्याचे सांगितले होते. वहिनींचा पंजाबी ड्रेस घालून, माझा हात धरून ती अनवाणी पाण्यात उतरली. काठाला मिठाचे खडे साचलेले असतात, काही काचेसारखे धारदार. पुतण्याच्या गुडघ्यावर खरचटल्याची एक बारीक रेघ होती. त्या रेघेला पाणी लागताच तो मिरची लागल्यासारखा किंचाळत बाहेर पळाला. आई मात्र आरामात तरंगत होती. "अरे, किती हलकं वाटतंय रे," असे म्हणून हसत होती. आम्ही फोटो काढले.

मग गरम पाण्याच्या कुंडात अर्धा तास. आईला उठवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती माझ्या अंगावर कलली. गरम पाण्यात कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यात ब्लडप्रेशरची गोळी, त्यात एकदम उठणे. रक्ताचा दाब घसरणारच. प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनाही हा धोका असतो. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांत उष्णतेने इन्सुलिन लवकर शोषले जाते आणि साखर एकदम उतरू शकते. याच तळ्याच्या पूर्व काठावरील कॅलिरोच्या गरम झऱ्यांवर हेरोद राजाला शेवटच्या आजारात नेले होते, असे जोसेफस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. वैद्यांनी त्याला कोमट तेलाच्या हौदात बसवले आणि राजाची शुद्ध हरपली. दोन हजार वर्षांनी मी तेच केले, आणि तेही एम.बी.बी.एस. होऊन.

आईला आडवी करून पाय उंच केले, पाणी पाजले. पाय उंच केले म्हणून तळवा दिसला. उजव्या तळपायाला अंगठ्याच्या बुडाशी इंचभर लांब चीर होती आणि रक्त ओघळत होते. "आई, हे कधी लागलं?" "काय लागलं? मला काही झालेलं नाही."

इंचभर जखमेवर चौतीस टक्के क्षार, आणि तिला काही जाणवले नव्हते. पोराला एका रेघेने रडवले, तिला चिरेनेही नाही. दीर्घकाळ साखर जास्त राहिली की नसा हळूहळू निकामी होतात आणि सुरुवात पायांच्या बोटांपासून होते. दुखणे ही शरीराची राखण आहे, ती गेलेली असते. मी दर महिन्याला आईची साखर तपासत होतो. पाय मात्र दोन वर्षांत एकदाही उचलून पाहिला नव्हता. परक्या पेशंटला मी मोजे काढायला लावतो, घरच्या माणसाचे राहून जाते.

जखम गोड्या पाण्याने धुतली, स्वच्छ पट्टी बांधली, त्या पायावर भार देऊ दिला नाही. अम्मानला परतल्यावर धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. जखम भरायला पाच आठवडे लागले.

ही तपासणी घरी करता येते, त्याला यंत्र लागत नाही. रुग्णाला झोपवून डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या तर्जनीने अलगद स्पर्श करा. एक-दोन सेकंद, दाबायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. कळले की त्याने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना पाय दाखवा. आईला सहापैकी चार ठिकाणी कळले नाही.

आता सोरायसिसचे. मृत समुद्रावर या रोगाचे रुग्ण खरोखर जातात आणि अनेकांचे चट्टे बरेच जातात. पण तिथे चार आठवडे राहावे लागते. रोज मोजून ऊन घेतात, डॉक्टर वेळ ठरवून देतात, जोडीला त्या पाण्यात स्नान. इतक्या खोल जागी हवेचा थर जाड असल्याने कातडी भाजणारे किरण थोडे गाळले जातात आणि ऊन जास्त वेळ सोसवते. गुणाचा मोठा वाटा या उन्हाचा आहे. आणि काही महिन्यांनी चट्टे पुन्हा येतात, कारण हा रोग ताब्यात राहतो, मुळासकट जात नाही. पाकिटात ऊन भरून येत नाही. त्याच जातीचे किरण मोठ्या शहरांतील त्वचारोग विभागांत यंत्राने देतात, त्याची चौकशी करावी. औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या देत असेल तर त्या एकदम थांबवल्याने रोग भयंकर उफाळतो. ताईंची मलमे मी पुन्हा सुरू केली आणि त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. माती भिंतीला लावा म्हणालो, त्यावर त्या हसल्या.

काही जण विचारतात, आपले लोणार आहेच की, तेथे का नाही? लोणारचे पाणी खारट असले तरी त्याचा मुख्य गुण अल्कलीचा, म्हणजे धुण्याच्या सोड्यासारखा. मृत समुद्राशी त्याचे नाते नाही. कातडीचा तेलकटपणा ते ओढून घेईल आणि चिरलेल्या कातडीला त्रासच होईल. शिवाय ते अभयारण्य आहे. काठावरून बघावे.

पायाच्या तपासणीनंतर मी आईला घरातही चप्पल घालायला सांगितले. "देवघरात चप्पल? मी नाही घालणार." आठ दिवस वाद चालला. शेवटी घरात वापरायला वेगळी नवी मऊ चप्पल आणली, ती बाहेर न्यायची नाही, आणि देवघराच्या उंबऱ्याशी काढून जाड पायमोजे घालून आत जायचे, असे ठरले. रोज रात्री तिचे तळवे आरशात पाहण्याचे काम माझ्या पत्नीने घेतले आहे. रविवारी मी पाहतो.